तुझ्या नवऱ्याला सांग

दुपारच्या सुट्टीत मी दवाखान्यातून खाली उतरले आणि सिग्नलपाशी उभी राहिले, तेव्हा रस्त्यापलीकडे टायरच्या दुकानाच्या आवारात माझ्या नवऱ्याची, वेंडेलची, निळी गाडी दिसली. कामाच्या वेळी हा शहरात कसा, एवढंच मनात आलं. हात वर करणार तेवढ्यात त्याच्या शेजारच्या सीटवर बाई दिसली. दुसरी कुठलीही बाई असती तर काय करायचं ते मला ठाऊक होतं. त्या प्रसंगाची तयारी प्रत्येक बायको मनात कुठेतरी करून ठेवते, आणि ठेवली नाही असं म्हणणारी खोटं बोलते. पण ती माझी आई होती. डोक्यावर शाल नव्हती, शाल मांडीवर गोळा करून टाकलेली होती. वेंडेलच्या हातातल्या कागदी पुड्यातून ती तळलेल्या बटाट्याचे तुकडे काढून खात होती, न बघता, आपल्याच ताटात हात घालावा तशी. तो काहीतरी बोलला. तिने त्याच्या दंडावर चापट मारली आणि मान मागे टाकून, तोंड उघडून हसली. खालच्या जबड्यातल्या तिच्या दाढेवरची टोपी मला दिसली असं वाटलं. इतक्या लांबून ती दिसणं शक्य नाही, पण दातांच्या दवाखान्यात मी लोकांचे दात साफ करायचं काम करते, ते तोंड मी माझ्या हाताने किती वेळा साफ केलं आहे. ते उघडल्यावर आत काय असतं हे मला डोळे मिटूनही दिसतं. सिग्नल हिरवा झाला, माझ्या दोन्ही बाजूंनी लोक रस्ता ओलांडून गेले.

दवाखान्यातल्या सोबतिणीला, ट्रिशाला, हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग काय झालं, छानच जमतं की त्यांचं. तिची आई आणि तिचा नवरा एकत्र मासे पकडायला जातात, बिअर पितात, एकमेकांना शिव्या देतात. तिला कसं सांगणार की आमच्या मूळनिवासी जमातीत सासू जावयाकडे नजर वर करून बघत नाही, जावई सासूचं नाव तोंडातून काढत नाही, एक आत आला की दुसरा मागच्या दाराने बाहेर जातो, आणि यात भांडण नसतं, उलट याच्याइतका मान आम्ही कुणालाच देत नाही. तिला ते गमतीचं वाटलं असतं. मला त्या क्षणी जे वाटलं ते गमतीचं नव्हतं. त्या दोघांना अंथरुणात पाहिलं असतं तर जसं वाटलं असतं तसंच वाटलं, आणि असं वाटतंय याचीही किळस आली, कारण ते दोघे बटाटे खात होते, बाकी काही नाही. दुपारनंतर मी चार तोंडं साफ केली. प्रत्येक तोंडातून मला तळणीच्या तेलाचा वास येत होता. एका म्हाताऱ्याने हात वर करून खूण केली की दुखतंय, तेव्हा कळलं की मी हिरडीवर हत्यार दाबून धरलंय.

माझे वडील आणि आजी, म्हणजे आईची आई, यांचं मी लहानपणी पाहिलं होतं. आजी आमच्याच घरी राहायची, मधल्या भिंतीपलीकडे. वडील पहाटे लाकडं फोडून तिच्या दाराशी रचून ठेवत आणि दोनदा खोकत, म्हणजे आता मी जातो, तू ये. ती मांसाचं कालवण वाडग्यात काढून उंबऱ्यावर ठेवी आणि भिंतीला सांगे, 'वाडगं गरम आहे, हात भाजेल कुणाचा तरी.' भिंतीपलीकडून वडील हसत, पण आवाज न करता. त्यांचे खांदे हलायचे. ती गेली तेव्हा आमच्या घरात सगळ्यांत जास्त कोण रडलं असेल तर वडील. आई दोन दिवसांत सावरली. वडिलांनी त्या वर्षी तिच्या शोकात केस कापले ते पुन्हा वाढवले नाहीत. मी त्यांना एकदा विचारलं होतं, तुम्हाला कधी बोलावंसं वाटलं नाही का तिच्याशी? ते म्हणाले, 'वाटलं असतं तर सोय आहे ना. जावयाने सासूला चारचौघांत घोडा द्यायचा, जेवण घालायचं, म्हाताऱ्यांनी हो म्हटलं की मोकळे. पण पोरी, बोलायला लागलं की मागायला लागतं माणूस.' तेव्हा मला हे कळलं नव्हतं. मला वाटलं, घोडा महाग असतो म्हणून दिला नाही.

आणि मी? माझं लग्न झाल्यापासून मी त्या दोघांमधली भिंत होते, उंबरा होते, सगळंच होते. आई आमच्याकडे आली की फ्रिजकडे तोंड करून बोलायची. 'फ्रिजला माहीत असलेलं बरं, पुलाजवळ रस्ता निसरडा आहे.' वेंडेल दुसऱ्या खोलीतून म्हणायचा, 'डेल, फ्रिजला म्हणावं, मी सावकाश चालवतो.' मला ते आवडायचं. खरंच आवडायचं, त्याचा अभिमान होता मला. शहरात राहून आम्ही हे टिकवलं याचा. माझं अपेंडिक्स फुटलं तेव्हा दवाखान्यात ते दोघं एका खोलीत अडकले, मध्ये एक प्लास्टिकचं झाड, आणि नर्स बिचारी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात निरोप नेत होती. तिने मला शुद्धीवर आल्यावर विचारलं, यांचा खटला चालू आहे का? आम्ही वर्षानुवर्षं त्यावर हसलो. हिवाळ्यात जमातीच्या जेवणाला जायचं तर दोघांना एका गाडीत बसवता यायचं नाही. मी आधी आईला तिच्या गावातून उचलून हॉलवर सोडायचे, मग उलटी शहरात यायचे, मग वेंडेलला घेऊन परत. त्याची गाडी बिघडलेली असली की हेच. बर्फात, वाऱ्यात, एकदा तर तापात. सिग्नलपाशी उभी असताना मला सगळ्यांत आधी काय आठवलं असेल तर त्या खेपा. कुणी खुशाल रीतीचं सांगावं, मानाचं सांगावं. मला माझं जळलेलं पेट्रोल आठवत होतं. माणूस एवढाच असतो, आणि मला त्याचीही शिसारी आली.

शनिवारी नीती समितीसमोर सुनावणी होती. तक्रार कोरिनची होती. कोरिन आणि मी एका वर्गात होतो, एकाच वर्षी आम्हाला उवा झाल्या होत्या आणि एकाच टबात आमची डोकी धुतली गेली होती. जमातीच्या घरबांधणी खात्याचा जुना प्रमुख वारला तेव्हापासून कोरिन ते खातं चालवत होती, हंगामी म्हणून. कुणाच्या घरात भिंतीला बुरशी आहे, कुणाची घर गरम ठेवणारी भट्टी मध्यरात्री विझते, हे तिला तोंडपाठ होतं. मग कायमची जागा निघाली, मुलाखती झाल्या आणि जागा वेंडेलला मिळाली, ज्याने आयुष्यात एक कोंबड्यांचा खुराडा बांधला होता आणि तोही कोल्ह्याने फोडला. माझी आई जमातीच्या कौन्सिलवर आहे, घरबांधणीची समिती तिच्याच हाताखाली. मतदानाच्या वेळी ती उठून बाहेर गेली, व्हरांड्यात कॉफीच्या किटलीपाशी उभी राहिली, दार लागेपर्यंत सगळ्यांनी पाहिलं. तो नियम तिनेच आणला होता. नात्यागोत्याचा कायदा तिने करून घेतला, त्यावरच ती निवडून आली. गावोगाव फिरून सांगायची, 'पूर्वीच्या पुढाऱ्याच्या घरी वाडगं सगळ्यांत शेवटी भरायचं, विसरलात का?' म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. मीही एकदा पुसले होते.

कोरिनचं म्हणणं एवढंच होतं की मुलाखतीचे प्रश्न आईच्या समितीने काढले होते आणि वेंडेलला ते आधीच माहीत होते. 'प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देत होता,' ती मला फोनवर म्हणाली होती. 'एकदा तर पुढच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि मग मागचा आठवून थांबला. सगळ्यांनी खाली मान घातली. डेल, तुझ्या नवऱ्याला मी काही म्हणत नाही. तुझी आई मात्र... आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तिच्या कायद्यात कुठल्या कलमात बसतं ते विचार तिला.' मी फोन आपटला नाही. मी शांतपणे तिला म्हटलं, कोरिन, ते दोघं बोलतच नाहीत. जे काही जातं ते माझ्यामधून जातं. आणि माझ्यामधून हे गेलेलं नाही. ती म्हणाली, 'तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. म्हणूनच तर मला कळत नाही.'

आईलाही हे माहीत होतं. तिने त्याच आठवड्यात फोन करून सांगितलं, 'पोरी, शनिवारी तू ये. जे आहे ते सांग, एक शब्द जास्त नको, एक शब्द कमी नको. थर्मनकाका तुझ्या शब्दावर जातील.' थर्मनकाका समितीचे प्रमुख, माझ्या वडिलांचे मावसभाऊ, म्हणजे आमच्या हिशेबाने माझे वडीलच. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आईला माझ्या खरेपणाचा उपयोग होतोय, असं मी मनात म्हटलंसुद्धा होतं, हेच शब्द वापरून. आता सिग्नलपाशी, आणि नंतर दुपारभर लोकांच्या दाढांवर वाकून, मला त्या शब्दांचा अर्थ कळत होता. कुणी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. त्यांनी मला काही कळूच दिलं नव्हतं, जपून, वर्षानुवर्षं, जसं पाहुण्यांसाठी एखादं भांडं कपाटात स्वच्छ ठेवतात तसं. मी खरं बोलणार होते आणि ते धडधडीत खोटं असणार होतं. ते कधीपासून बोलत होते? सुरुवातीपासून? मी तापात दुसरी खेप मारत होते तेव्हा? प्लास्टिकच्या झाडापलीकडून? नर्स बाहेर गेली की? घोडा देऊन उजळ माथ्याने बोलता आलं असतं की त्यांना. पण मग जमातीला कळलं असतं की हे दोघं बोलतात. आणि मग या मौनाचा उपयोग काय राहिला असता?

संध्याकाळी वेंडेल घरी आला. बूट काढले, माझ्या कपाळावर ओठ टेकवले, आणि त्याच्या जॅकेटला तळणीचा वास होता. मी मटणाचं कालवण ढवळत होते. तो टेबलाशी बसून म्हणाला, 'डेल, तुझ्या आईला विचार ना, शनिवारी किती वाजता पोचायचं.'

मी ढवळत राहिले. 'तुला माहीत नाही?'

'मला कसं माहीत असणार?' तो म्हणाला. इतकं सहज, इतकं भोळं, की माझाच क्षणभर स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. मी त्याच्याकडे पाहिलं. माझा नवरा वाईट माणूस नाही. तो आळशी आहे, गोड आहे, कुणीही काही दिलं तर नाही म्हणत नाही. त्याच्या मिशीत मिठाचा एक कण होता.

'आज कुठे होतास दुपारी?'

'ऑफिसात. कुठे असणार? त्या म्हातारीची भट्टी, लिओटाच्या बहिणीची, पुन्हा बंद पडली म्हणे. मी म्हटलं, यादीत आहे, नंबर आला की होईल.'

मी आईला फोन लावला. मला बघायचं होतं की हे कुठवर जातं. आई म्हणाली, 'नऊला ये म्हणावं. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, पांढरा शर्ट घाल, तो निळा नको, त्याला कॉलरपाशी डाग आहे.' मी फोन कानाला लावून उभी राहिले. निळा शर्ट त्याने आठवड्यापूर्वीच घेतला होता. डाग त्या गुरुवारी सकाळी नव्हता, दुपारी पडला होता, लाल चटणीचा. तो मी आत्ता समोर बघत होते. मी मान वळवून वेंडेलला सांगितलं, 'नऊला. पांढरा शर्ट.' माझ्या तोंडातून ते शब्द बाहेर पडले तसे पूर्वी हजारो पडले होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे तोंड माझं नाही, हे सार्वजनिक नळाचं तोंड आहे, कुणीही यावं, भरून न्यावं. जेवण झाल्यावर मी दात घासले. पुन्हा घासले. हिरडीतून रक्त आलं. मी रोज लोकांना सांगते, एवढ्या जोरात घासू नका, त्याने काही स्वच्छ होत नाही.

शुक्रवार मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. मी काहीच केलं नाही. वेंडेलला विचारलं नाही, आईला विचारलं नाही, कोरिनला फोन केला नाही. मूग गिळून बसले. गाडीत बसून एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, 'माझ्या नवऱ्याने आणि आईने आजवर एक शब्द...' आणि पुढे म्हणता आलं नाही. आणि दुसरं, जे खरं होतं, ते म्हणून पाहिलं, तेही म्हणता आलं नाही, कारण त्याची शरम जास्त होती. जागा घरात दिली हे आमच्याकडे लोक माफ करतात. सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, कुणी कुणाचं तोंड बंद करायचं? दोन हिवाळे शिव्या देतात, मग त्याच माणसाच्या शेजारी बसून जेवतात. पण आर्डिथ, माझी आई, तिच्या जावयाशी हसून बोलते, त्याच्या हातातलं खाते, हे एकदा तोंडातून निघालं की आईला त्या टापूत कुठल्याही दारात उभं राहता येणार नाही. म्हणजे खरं सांगायचं तर आईची खुर्ची जाणार, वेंडेलची जागा जाणार, माझं घर जाणार, आणि वर माझ्या आजीच्या उंबऱ्यावरचं वाडगं लाथेने उडवल्याचं पाप माझ्या माथी. न सांगायचं तर कोरिनने खोटी ठरायचं आणि मी आयुष्यभर नळ राहायचं.

सुनावणी जुन्या शाळेच्या जिममध्ये होती. बाहेर बर्फ आणि आत कॉफीचा, ओल्या कोटांचा आणि तळलेल्या भाकरीचा वास. सुनावणी असो की मयत, आमच्याकडे आधी कुणीतरी भाकऱ्या तळतं. बास्केटबॉलच्या जाळीखाली लांब टेबल मांडलं होतं. थर्मनकाका मध्ये, त्यांच्या शेजारी लिओटा, जिच्या बहिणीची भट्टी बंद होती आणि जी त्याबद्दल अवाक्षर बोलणार नव्हती, कारण समितीवर बसून स्वतःच्या बहिणीचं बोलायचं नसतं. तिला तेवढं कळत होतं. कोरिन एका बाजूला एकटी बसली होती. आई दुसऱ्या बाजूला, निळ्या झालरीची शाल डोक्यावरून पुढे ओढून, म्हणजे वेंडेल जिकडे बसला होता तिकडचा चेहरा झाकला जावा. वेंडेल तिच्याकडे पाठ करून खुर्चीच्या टोकावर, पांढऱ्या शर्टात, टोपी घालून. मधली खुर्ची माझी. गावातल्या म्हाताऱ्या भिंतीकडेने बसल्या होत्या आणि त्या दोघांकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला बघवेना. बघा, शिकलेली बाई, कौन्सिलवरची बाई, पण रीत सोडली नाही.

कोरिनने तिचं म्हणणं सांगितलं. नीट सांगितलं, रडली नाही. 'मी जागा गेली म्हणून आले नाही,' ती म्हणाली. 'म्हणजे, त्यासाठी पण आले. पण कुंपणच शेत खायला लागलं तर बोलायचं कुणाशी, म्हणून आले.'

मग आई उठली. सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून, खरं तर तिचे गुडघे उत्तम आहेत. 'थर्मन, तू मला लहानपणापासून ओळखतोस,' ती म्हणाली. 'मतदानाच्या वेळी मी बाहेर होते. कायदा सांगतो तेवढं केलं. पण आपला कायदा त्याच्याही आधीचा आहे. या माणसाशी मी आजवर बोललेली नाही. त्याचा चेहरा मला धड माहीत नाही. माझ्या आईने माझ्या नवऱ्याशी पाळलं, तेच मी पाळलं. आता ही पोरगी म्हणते की मी त्याच्या कानात प्रश्न सांगितले. कोणत्या तोंडाने?' भिंतीकडून हुंकार आले. थर्मनकाकांनी मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्यात सुनावणी जवळजवळ संपलीच होती. त्यांचे डोळे ओले झाले होते. माझे वडील त्यांचे लाडके होते. आईने वडिलांचं नाव न घेता त्यांना मधे आणलं होतं, आजीला आणलं होतं, लाकडं, वाडगं, भिंत, सगळं आणून त्या टेबलावर मांडलं होतं, एका खुर्चीसाठी.

'वेंडेल,' थर्मनकाका म्हणाले, 'तुला काही सांगायचंय?'

वेंडेल बसल्या बसल्या काहीतरी पुटपुटला. तेव्हा आई शालीआडून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी, माझ्याकडे वळून म्हणाली, 'तुझ्या नवऱ्याला सांग, मोठ्यांसमोर उभं राहून बोलावं. आणि टोपी काढावी.'

म्हाताऱ्या हसल्या. किती गोड हसल्या. लिओटासुद्धा हसली. सगळे माझ्याकडे बघू लागले, मी आता मान वळवणार, निरोप देणार, आणि सगळ्यांना पुराव्याचा पुरावा मिळणार.

'तूच सांग,' मी म्हटलं.

आईला वाटलं ऐकण्यात चूक झाली. 'काय?'

'तूच सांग त्याला, आई. गुरुवारी सांगत होतीस तसं.'

'काय म्हणतेस पोरी?' थर्मनकाका म्हणाले.

मी उभी राहिले. माझा आवाज मला लहान वाटला, पण जिममध्ये आवाज घुमतो. 'काका, जे जातं ते माझ्यामधून जातं, असं सांगायला मला बोलावलं होतं. मला तसंच वाटत होतं. गुरुवारी दुपारी शहरात, बिलिंग्जमध्ये, टायरच्या दुकानासमोर ही त्याच्या गाडीत बसली होती. शाल मांडीवर होती. त्याच्या पुड्यातले बटाटे खात होती. दोघं बोलत होते, हसत होते. प्रश्नांचं मला माहीत नाही. हे मी पाहिलं.'

कॉफीची किटली तेवढी खदखदत होती. मला अजून वाटत होतं की आई नाही म्हणेल, शांतपणे, दुखावलेल्या आवाजात, आणि तिच्यावरच विश्वास ठेवला जाईल, कदाचित माझाही बसेल. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण त्याच्या आधी वेंडेल खुर्चीतून गर्रकन वळला, घाबरलेल्या पोरासारखा, सरळ तिच्याकडे तोंड करून. 'आर्डिथ, बोल ना काहीतरी.'

'गप बैस, वेंडेल,' आई म्हणाली.

ती चिडली नव्हती. त्या आवाजात राग नव्हता, दचकणं नव्हतं. रोजच्या ओळखीचा, थोडा लाडाचा आवाज होता, ज्या आवाजात ती मला लहानपणी गप बस म्हणायची. त्या आवाजाला जुनं व्हायला वर्षं लागली असणार. तो सगळ्यांनी ऐकला. भिंतीकडच्या एका म्हातारीने आपली शाल स्वतःच्या तोंडावर ओढून घेतली, मग दुसरीने. थर्मनकाकांनी समोरच्या कपात बघितलं आणि तिथेच बघत राहिले. कोरिनकडे कुणीही पाहिलं नाही, जिचं काम होतं, जिची जागा होती, जिने खरं सांगितलं होतं. तिच्या जागेची त्या क्षणी कुणाला आठवणसुद्धा नव्हती. कोरिनला ते कळलं, आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिच्या नजरेत आभार शोधायचं धाडस झालं नाही.

आई उभीच होती. शाल एका बाजूने खांद्यावर घसरली होती, वेंडेलच्या बाजूची. ती तिने सावरली नाही. आता त्या बाजूला लपवण्यासारखं काही नव्हतं. तिने दुसरं टोक धरलं, माझ्या बाजूचं, आणि सावकाश डोक्यावरून पुढे ओढलं, कपाळ, मग डोळे, मग तोंड. निळी झालर माझ्या आणि तिच्या मध्ये आली. मी हात लांबवला असता तर तिला लागला असता.

ती टेबलाकडे वळली. 'लिओटा,' ती शालीआडून म्हणाली, 'हिला सांग, जाताना पुलाजवळ रस्ता निसरडा आहे.'

लिओटाने थर्मनकाकांकडे पाहिलं, त्यांनी मान वर केली नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आईचे शब्द एकही न बदलता मला सांगितले.